गांधीजींना दोन-तीन डाव थांबवा: सिव्हिलायझेशन ३ मध्ये राज्य कसं निवडायचं

आमच्याकडं बेळगावात सिव्हिलायझेशन ३ हा राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम कुणाच्याही लॅपटॉपवर पहिल्यांदा सुरू झाला की पुढचं ठरलेलं असतं. ३१ राज्यांची यादी समोर येते, पोरगं एकदा वरून खाली बघतं, 'इंडिया' दिसतं, गांधीजींचा चेहरा दिसतो, आणि क्लिक. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या गावात झालं, गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते इथल्या. मग त्यांना सोडून रोमच्या सीझरला कोण घेणार? भावना बरोबरच आहे. पण शंभरेक टर्न, म्हणजे पाळ्या, गेल्या की त्याच पोराचा फोन येतो. "दादा, माझी पाचच गावं झाल्यात आणि त्या झुलूची पंधरा. माझं काय चुकायलंय?"

बहुतेक वेळा चूक त्या पहिल्या क्लिकमध्येच असते. यादीतल्या प्रत्येक राज्याला दोन गुण दिलेले असतात. कुणी शेतीत पुढं, कुणी लढाईत, कुणी व्यापारात. गेमच्या भाषेत त्यांना ट्रेट म्हणतात. नवा खेळाडू चेहरा बघून राज्य घेतो, जुना खेळाडू हे दोन गुण बघून घेतो. ते कसे बघायचे, कुठल्या क्रमानं बघायचे, हे पोरांना फोनवर सांगून सांगून थकलो म्हणून इथं लिहून ठेवतोय. इंग्रजी नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवलीत, म्हणजे शोधायला त्रास नको.

पायरी १ : आपल्याकडं कुठला गेम आहे ते बघा

मूळ गेम २००१ चा. त्यात गुण सहाच होते: कमर्शियल, एक्सपान्शनिस्ट, इंडस्ट्रियस, मिलिटरिस्टिक, रिलिजियस आणि सायंटिफिक. २००३ ला कॉन्क्वेस्ट्स नावाची भर आली, तिच्यात अॅग्रिकल्चरल आणि सीफेअरिंग हे दोन वाढले. आज जी 'कम्प्लीट' आवृत्ती विकत मिळते तिच्यात हे सगळं आहे, आणि दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवरसुद्धा ती कुरकुर न करता चालते.

हे आधी सांगायचं कारण असं की जुन्या सल्ल्यांवर विसंबून कितीतरी जण फसतात. मूळ गेममध्ये इंडस्ट्रियस राज्याचे वर्कर (रस्ते, खाणी करणारे मजूर) दुप्पट वेगानं काम करायचे, त्यामुळं जो तो तेच घ्या म्हणायचा. कॉन्क्वेस्ट्समध्ये तो वेग दीडपटीवर आणला. इरोक्वॉय आधी एक्सपान्शनिस्ट-रिलिजियस होते, आता अॅग्रिकल्चरल-कमर्शियल आहेत. इंग्लंड, अॅझ्टेक, केल्ट यांचेही गुण बदलले. मी खाली जे सांगतोय ते सगळं कॉन्क्वेस्ट्सचं.

एक गंमत जाता जाता. आठ गुणांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात २८. राज्यं ३१. वहीत मांडून बघितलं तर एकही जोडी सुटलेली नाही, आणि तीन जोड्या दोनदा आल्यात: ग्रीस-कोरिया, पर्शिया-ऑटोमन, झुलू-मंगोल. म्हणजे मनात येईल ती जोडी यादीत सापडणारच. हवं ते राज्य नाही ही सबब इथं चालत नाही.

पायरी २ : आधी रान बघा, मग पीक ठरवा

खानापूरकडच्या लाल मातीत, पावसात, माणूस भात लावतो. तोच माणूस सौंदत्तीकडच्या काळ्या रानात गेला तर जोंधळा पेरेल. पीक चांगलं की वाईट हा प्रश्न रान बघितल्याशिवाय कुणी विचारत नाही. गेमसुद्धा आधी नकाशा विचारतो, राज्य नंतर. पण पोरं पहिल्या पडद्यावर सटासट पुढं जातात आणि दुसऱ्यावर थांबतात. उलटं करा.

नकाशाचे तीन प्रकार आहेत. पँजिया म्हणजे सगळी जमीन एकत्र. कॉन्टिनेंट्स म्हणजे दोन-चार मोठे खंड. आर्किपेलागो म्हणजे सगळी बेटं. सोबत पाणी किती, हवा कोरडी की ओली, नकाशा लहान की मोठा, हेही तिथंच ठरतं. हे कागदावर लिहून घ्या. खरंच लिहा.

न लिहिल्यामुळं काय होतं ते माझ्याकडून ऐका. पहिल्या-दुसऱ्या महिन्यातला माझा डाव. एक्सपान्शनिस्ट राज्य घेतलं, कारण नाव जबरदस्त वाटलं. या गुणाचं मुख्य बळ म्हणजे सुरुवातीलाच मिळणारा स्काउट, भराभर फिरून मुलूख बघून येणारा. नकाशाकडं मी बघितलंच नव्हतं. निघाला आर्किपेलागो. माझा स्काउट सात-आठ टर्नमध्ये सगळं बेट फिरून आला आणि मग दीड हजार वर्षं समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. पणजीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलेल्या आमच्या आजोबांसारखा.

तोच स्काउट पँजियावर सोन्याचा. पन्नास टर्नच्या आत चार-पाच शेजारी भेटतात, त्यांच्याशी विद्यांची, म्हणजे गेममधल्या शोधांची, देवघेव सुरू होते. वाटेत लागणाऱ्या छोट्या वस्त्यांमधून एक्सपान्शनिस्ट राज्यावर कधी लुटारू तुटून पडत नाहीत. कधी विद्या मिळते, कधी सोनं, नशीब असेल तर आख्खा सेटलर, म्हणजे नवं गाव वसवणारा. गुण तोच, रान वेगळं.

सीफेअरिंगचं याच्या बरोबर उलट. जहाज एक घर जास्त चालतं, खोल पाण्यात बुडण्याचा धोका कमी, किनाऱ्यावरच्या गावाला मधल्या टाईलवर (गाव ज्या घरात बसतं तिथं) एक कॉमर्स, म्हणजे व्यापारी उत्पन्न, जादा, आणि सुरुवात बहुतेक समुद्राकाठीच होते. बेटांच्या नकाशावर राजा. पँजियावर मात्र समुद्राकडं जाणारा चोर्ला घाट उतरायच्या आधीच डावाचा निकाल लागलेला असतो.

पायरी ३ : गुण किती लवकर कामाला येतो ते मोजा

हीच खरी पायरी. बाकीचं विसरलात तरी चालेल, हे गणित मात्र एकदा स्वतः वहीत करा.

गेम इसवी सनापूर्वी ४००० ला सुरू होतो आणि जास्तीत जास्त ५४० टर्न चालतो. पण डाव हातात राहणार की जाणार हे पहिल्या ऐंशी-शंभर टर्नमध्ये ठरतं, कारण तोवर मोकळी जमीन संपते. ज्याची गावं जास्त, त्याचं पुढं सगळंच जास्त. त्यामुळं गुणाला विचारायचा प्रश्न एकच: तू पहिल्या पन्नास टर्नमध्ये मला काय देणार?

आता धान्याचा हिशोब. गावातला एक माणूस टर्नला २ धान्य खातो. गावाची मधली टाईल २ धान्य देते. एक माणूस गवताळ टाईलवर कामाला लावला की ती आणखी २ देते. आले ४, खाल्ले २, उरले २. सहा लोकवस्तीपर्यंतच्या गावात माणूस वाढायला २० धान्य साठावं लागतं. २ प्रमाणे १० टर्न. सेटलर काढायचा तर त्याच्याबरोबर दोन माणसं जातात, म्हणून गाव आधी तीनवर न्यावं लागतं. एकाचे तीन व्हायला २० टर्न.

अॅग्रिकल्चरल राज्याला मधल्या टाईलवर १ धान्य जादा मिळतं. उरले ३. माणूस ७ टर्नमध्ये वाढतो, सेटलर १४ टर्नमध्ये. वीसच्या जागी चौदा! वाचायला सहाच टर्नचा फरक, पण दुसरं गावही तसंच वाढणार, तिसरंही तसंच. आपल्याकडं सोसायटीचं कर्ज काढलेल्याला चक्रवाढ काय असते ते सांगायला नको. इथं ती आपल्या बाजूनं चालते.

यात एक मेख आहे आणि नव्वद टक्के नवे तिथंच अडकतात. सुरुवातीचं सरकार असतं डेस्पॉटिझम, म्हणजे एकहाती हुकूमत. त्यात कुठल्याही टाईलवर २ पेक्षा जास्त काही पिकलं की त्यातला १ कापला जातो. म्हणजे अॅग्रिकल्चरलचं ते जादा धान्य डेस्पॉटिझममध्ये गायब! अपवाद फक्त नदीकाठच्या किंवा गोड्या पाण्याच्या तळ्याकाठच्या गावांचा. त्यांना ते पूर्ण मिळतं. तेव्हा अॅग्रिकल्चरल घेतलंत तर पहिली चार-पाच गावं नदी सोडून बसवायची नाहीत. आपले पूर्वज मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा धरूनच बसले. त्यांना हा गेम कुणी शिकवला नव्हता. नदीकाठच्या गावाला पुढं सहाच्या वर वाढायला अॅक्वेडक्टही (पाणी आणणारा पाट) लागत नाही, तो फायदा वेगळाच.

याच कापाकापीमुळं आणखी एक लक्षात ठेवा. डेस्पॉटिझममध्ये साध्या गवताळ टाईलला पाणी देऊ नका. २ चे ३ होतात आणि ३ चे पुन्हा २. वर्करच्या चार टर्न पाण्यात, अक्षरशः. तिथं खाण काढा.

धान्याचं कोठार, म्हणजे ग्रॅनरी, बांधलं की माणूस वाढल्यावर अर्धा साठा शिल्लक राहतो आणि पुढच्या वेळी १० च धान्य लागतं. गहू नाहीतर गाई असलेली टाईल गावाजवळ असली आणि उरलेलं धान्य ५ पर्यंत गेलं, तर दर दोन टर्नला एक माणूस, दर चार टर्नला एक सेटलर. तेवढ्यात ३० शील्डही (गेममधलं बांधकामाचं माप) जमायला हवेत, कारण सेटलरची किंमत ती आहे. असं एक गाव जमलं की त्याला दुसरं कुठलंच काम सांगू नका. मंदिर नको, शिपाई नको. नुसते सेटलर. जुने खेळाडू याला सेटलर पंप म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे, विहिरीवरच्या मोटरीसारखं ते गाव माणसं बाहेर फेकत राहतं. ग्रॅनरी ६० शील्डची असते आणि तिला पॉटरी ही विद्या लागते. अॅग्रिकल्चरल राज्याकडं पॉटरी पहिल्या दिवसापासून असते. गुण आणि विद्या असे हातात हात घालून येतात तेव्हा ती निवड डोळे मिटून करावी.

कोरड्या हवेचा नकाशा घेतलात तर अजून एक फायदा. पाणी दिलेल्या वाळवंटी टाईलवर या राज्यांना १ धान्य जादा मिळतं. घटप्रभेच्या कालव्याचं पाणी पोचलं तिथं कोरड्या रानात ऊस उभा राहिला, तसंच.

पायरी ४ : बाकीच्यांना त्याच मापानं मोजा

इंडस्ट्रियस माझ्या हिशोबात दुसरा. साधा वर्कर सपाट जमिनीवर रस्ता ३ टर्नमध्ये करतो, खाण ६ टर्नमध्ये. इंडस्ट्रियसचा वर्कर रस्ता २ आणि खाण ४. रस्ता झालेल्या टाईलवर कॉमर्स मिळतं, दोन गावं जोडली जातात, सैन्य लवकर पोचतं. आणि हा फायदा पहिल्या टर्नपासून शेवटच्या टर्नपर्यंत अखंड चालू राहतो, कुठंही बांधकाम करावं लागत नाही. आमच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, उद्यमबागेतल्या, एखाद्या जॉब वर्कवाल्याला विचारा, तेवढ्याच वेळात दीडपट नग काढणारा कारागीर मिळाला तर तो काय करेल. पगार वाढवून ठेवून घेईल.

सायंटिफिक नव्यांना कळतच नाही, कारण त्याची मजा उशिरा दिसते. प्रत्येक नव्या युगात पाऊल टाकलं की एक विद्या फुकट. मध्ययुग, औद्योगिक, आधुनिक, म्हणजे अख्ख्या डावात तीन. ऐकायला थोडं वाटतं. पण फुकट मिळालेली विद्या बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडं नसते, आणि ती विकता येते. एकाला सोन्यावर, दुसऱ्याला त्याच्याकडच्या विद्येवर, तिसऱ्याला रेशमाच्या बदल्यात. एका फुकटच्या विद्येवर मी तीन आणखी मिळवलेल्या आहेत. लायब्ररीही ८० च्या जागी ४० शील्डला पडते. शहापुरातल्या जुन्या पेठेत वाढलेल्या माणसाला हा गुण लगेच जमतो.

रिलिजियस हा आळशी माणसाचा गुण, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. सरकार बदलताना मधे अराजक येतं. बाकीच्यांचे त्यात नशिबानुसार कितीतरी टर्न जातात, काहीच पिकत नाही, काहीच बांधलं जात नाही. रिलिजियसचं दोन टर्नमध्ये उरकतं. मंदिरं निम्म्या किमतीत, ६० ची ३० ला. ज्याला मधेच लढाई, मधेच शांतता असं सरकार बदलत खेळायचंय त्याला उत्तम. एकदाच सरकार बदलून गप बसणाऱ्याला निम्मा वाया.

कमर्शियलवर जरा थांबावं लागेल, कारण तो इंडियाचा गुण आहे आणि तो समजायला सीमाभागातल्या माणसाइतका लायक वाचक दुसरा नाही. गेममध्ये राजधानीपासून गाव जितकं लांब, तितकं त्याचं उत्पन्न वाटेतच गळतं. त्याला करप्शन म्हणतात. आपण बंगळूरपासूनही पाचशेच्या आसपास किलोमीटर आणि मुंबईपासूनही तेवढेच, तेव्हा हे मी उदाहरण देऊन समजावत बसत नाही. गेममध्ये त्यावर दोन औषधं आहेत. गावोगाव कोर्टहाऊस बांधायचं, आणि दुसऱ्या राजधानीसारखी चालणारी फॉरबिडन पॅलेस नावाची इमारत लांबच्या मुलखात उभी करायची. २०१२ ला आपल्याकडं कर्नाटक विधिमंडळाची दुसरी इमारत, सुवर्णसौध, उभी राहिली तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द तोच आला होता. गेममध्ये मात्र ती बारा महिने चालू असते.

कमर्शियल राज्यात ही गळती मुळातच कमी. पण हिशोबाचा प्रश्न पुन्हा तोच: कधी? तुमची चारच गावं राजधानीला चिकटून आहेत तोवर गळती जवळजवळ नसतेच, मग कमी काय होणार? पंधरा-वीस गावं झाली, मुलूख लांबवर पसरला की हा गुण हळूहळू वर येतो. म्हणजे कमर्शियल स्वतः राज्य वाढवत नाही, वाढलेलं राज्य सांभाळतो. वाढवणारा दुसरा गुण सोबत हवा. इंडियाच्या जोडीत, कमर्शियल आणि रिलिजियसमध्ये, तो नाही. म्हणून त्या पोराची पाच गावं.

मिलिटरिस्टिकबद्दल थोडक्यात. मराठा पलटणीचं केंद्र बेळगावात, प्रत्येक गल्लीत एक तरी माजी सैनिक, त्यामुळं आपल्याकडच्या पोरांचा ओढा या गुणाकडं असणारच. बराकी ४० च्या जागी २० शील्डला, आणि जिंकलेला शिपाई लवकर वरच्या हुद्द्याला चढतो. पण लढल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही, आणि लढायचं कधी हे न कळणं हीच तर नव्याची अडचण. तिसऱ्या-चौथ्या डावाला घ्या.

पायरी ५ : खास सैनिक आणि सुवर्णकाळ

प्रत्येक राज्याला एक स्वतःचा खास सैनिक असतो. त्याच्याकडं दोन प्रश्न घेऊन जा. त्याला काय सामग्री लागते? आणि तो कुठल्या काळात येतो?

पर्शियाचे इम्मॉर्टल प्राचीन काळातले जबरदस्त शिपाई, पण लोखंड लागतं. तुमच्या हद्दीत लोखंड निघालं नाही तर अख्खा फायदा बुडाला. इरोक्वॉयच्या घोडेस्वाराला घोडे लागतात. इंडियाचा हत्ती मात्र नाइटच्या, म्हणजे मध्ययुगातल्या चिलखती घोडेस्वाराच्या, जागी येतो, तेवढाच लढतो, वर एक जीव जादा, आणि त्याला ना लोखंड लागतं ना घोडा. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या शेतकऱ्याला हत्तीची ताकद कुणी सांगायची गरज नाही. भात कापणीला आलं की तो न बोलावता येतो आणि कुठलीच सामग्री मागत नाही. गेममध्येही तसाच.

काळाचा प्रश्न सुवर्णकाळाशी बांधलेला आहे. खास सैनिकानं पहिली लढाई जिंकली की २० टर्नचा सुवर्णकाळ सुरू होतो. ज्या टाईलवर शील्ड किंवा कॉमर्स येतं तिथं ते एकानं वाढतं. हा प्रत्येक राज्याला डावात एकदाच मिळतो. आपल्या गुणांना जुळणारी आश्चर्यं, म्हणजे वंडर, बांधूनही तो सुरू होतो, त्यामुळं वंडर बांधायला घेण्याआधी त्याची माहिती उघडून वाचा.

आता वरची ती कापाकापी आठवा. डेस्पॉटिझममध्ये सुवर्णकाळ लागला तर २ चे ३ होतात आणि त्यातला १ पुन्हा कापला जातो. बराचसा सुवर्णकाळ मातीत. अॅझ्टेकचा जॅग्वार, सुमेरियाचा एन्किडू हे सुरुवातीलाच येणारे सैनिक, त्यामुळं त्यांच्या हातून हा अपघात फार होतो. आमच्या मावसभावानं बाराव्या टर्नला एका लुटारूला मारून आपला सुवर्णकाळ उधळला होता, दोन गावं असताना. वर खूश, संगीत वाजलं म्हणून.

पायरी ६ : पहिला डाव असा लावा

नकाशा स्टँडर्ड, जमीन कॉन्टिनेंट्स, हवा नॉर्मल. अवघडपणा चीफटन. तिथं संगणक तुम्हाला सांभाळून घेतो. दोन डाव झाले की वॉरलॉर्ड, मग रीजंट. रीजंटवर संगणकाला सवलत नाही आणि तुम्हालाही नाही, सरळ सामना. त्याच्या वर संगणकाला सवलती सुरू होतात.

राज्य घ्या माया. अॅग्रिकल्चरल आणि इंडस्ट्रियस, म्हणजे पहिल्या टर्नपासून कामाला येणारे दोन्ही गुण एकाच घरात. त्यांचा भालाफेक्या आर्चरच्या जागी येतो, म्हणजे फारच लवकर. त्याला सरकार बदलेपर्यंत घरी बसवा, लढाईला पाठवू नका. गावाच्या राखणीला साधे स्पिअरमन ठेवा.

बेटांवरच खेळायचंय असा हट्ट असेल तर नेदरलँड्स, अॅग्रिकल्चरल आणि सीफेअरिंग. मोठा पँजिया असेल तर इंका, अॅग्रिकल्चरल आणि एक्सपान्शनिस्ट. त्यांचा स्काउट डोंगरांतूनही सुटत जातो. शांतपणे विद्या जमवत खेळायचा स्वभाव असेल तर सुमेरिया, फक्त एन्किडूला आवरा.

पायरी ७ : पन्नासाव्या टर्नला थांबून मोजा

पन्नासावा टर्न म्हणजे गेममधलं इसवी सनापूर्वी १७५०. तिथं थांबा आणि वहीत चार आकडे लिहा: गावं किती, एकूण लोकवस्ती किती, वर्कर किती, किती शेजारी भेटले. डाव सेव्ह करून ठेवा. मग त्याच प्रकारच्या नकाशावर दुसरं राज्य घेऊन पन्नास टर्न खेळा आणि तेच चार आकडे लिहा. एका संध्याकाळी दोन राज्यं होतात. मधे करंट गेला तरी घाबरू नका, गेम प्रत्येक टर्नला स्वतःच सेव्ह करतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असलेल्या आमच्यासारख्यांना हा गुण बाकी आठही गुणांपेक्षा मोठा.

आकडे शेजारी-शेजारी ठेवले की कुणाचा सल्ला लागत नाही. माझ्या वहीत एकाच संध्याकाळची दोन पानं आहेत. मायाच्या पानावर गावांचा आकडा ९, इंडियाच्या पानावर ६. नकाशे वेगळे होते, त्यामुळं हा काही पुरावा नव्हे, पण अशी पाच-सहा पानं झाली की कल दिसायला लागतो. तुमच्या हाताला, तुमच्या खेळायच्या पद्धतीला काय जमतं तेही त्यातच दिसतं. माझ्या एका मित्राचे आकडे एक्सपान्शनिस्टला कायम चांगले येतात. तो सगळ्या शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीनं वागून काही ना काही काढून घेतो. गणपत गल्लीत दुकान आहे त्याचं.

आणि आता गांधीजी

दोन-तीन डाव झाले असतील तर खुशाल इंडिया घ्या. फक्त त्याच्याकडून अॅग्रिकल्चरलची अपेक्षा ठेवू नका, जे त्याच्याकडं आहे ते वापरा. वाढीचा गुण नाही, म्हणून पॉटरी शक्य तितक्या लवकर मिळवा आणि गहू किंवा गाई असलेल्या एका गावात ग्रॅनरी बांधून तिथला सेटलर पंप स्वतः उभा करा. अल्फाबेट आणि सेरेमोनियल बरिअल या दोन विद्या हातात असतात. त्यांच्यावर पहिल्या भेटलेल्या शेजाऱ्याकडून पॉटरी बदलून घेता आली तर उत्तमच. अराजकाची भीती नाही, म्हणून रिपब्लिकची विद्या आली की त्याच टर्नला सरकार बदला, विचार करत बसू नका. मंदिरं ३० शील्डची आहेत, सीमेवरच्या प्रत्येक गावात एक उठवा, हद्द पसरते आणि शेजाऱ्याचा सेटलर तुमच्या रानात घुसत नाही. गावं लांबवर बसवायला बिचकू नका, गळती इतरांपेक्षा कमीच होणार आहे.

आणि शिव्हलरी ही विद्या येईपर्यंत कुणाशी भांडण काढू नका. ती आली की हत्ती बांधायला घ्या. एकेक ७० शील्डचा, म्हणून आधी सहा-सात जमू द्या, मगच पहिला सोडा. तोवर तुम्ही डेस्पॉटिझममधून कधीच बाहेर पडलेले असता, त्यामुळं पहिल्या विजयाबरोबर लागणारा सुवर्णकाळ पूर्णच्या पूर्ण पदरात पडतो.